लय पळते, तबला उतरतो आणि घरचे विचारतात, ‘पुढे काय?’

पत्र थोडक्यात असं: “मी कुडाळजवळच्या गावात राहतो. वय २१. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबला विशारद पहिल्या वर्गात झाली. रोज चार तास रियाज करतो, त्यातले तीन तास द्रुत (जलद) लयीतले कायदे आणि रेले, म्हणजे तबल्याच्या ठरावीक रचना. भजनांना वाजवतो. गेल्या महिन्यात एका ख्यालगायिकेला साथ करायची पहिलीच संधी मिळाली. बाईंची पट्टी (गाण्याचा षड्ज, पेटीच्या पट्टीवरून सांगितलेला) काळी चार. माझा तबला काळी एकचा, तो चढवून काळी दोनला, म्हणजे त्यांच्या पंचमात लावला. विलंबित (संथ) एकतालात माझी लय वाढत गेली, त्यांनी दोनदा हाताने खूण केली. त्यात बडा ख्याल (आधी गायचा संथ ख्याल) संपायच्या आत तबला उतरला, म्हणजे त्याचा स्वर खाली आला. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्याला बोलावलं. उजवं मनगटही हल्ली दुखतं. बाबा म्हणतात, छंद म्हणून ठेव, नोकरी बघ. पुण्याला जाऊ का? यात पोट भरतं का?”

मित्रा,

पोट भरतं का, हा प्रश्न तू शेवटी विचारला आहेस, पण त्याचं उत्तर त्या संध्याकाळच्या हकिगतीतच आहे. तबलावादकाचं घर चालतं ते साथीवर. स्वतंत्र वादनाचे कार्यक्रम अगदी नामवंतांनाही साथीच्या मानाने कमीच मिळतात, आणि नवख्याला तर वर्षाकाठी एक-दोन मिळाले तरी पुष्कळ. साथीला बोलावताना गायक तुझा रेला आठवत नाही. या मुलाची लय हलत नाही ना, आणि याचा तबला सुरात राहतो ना, एवढंच त्याच्या मनात असतं. या दोन्ही गोष्टी त्या दिवशी हुकल्या. पण दोन्हींची कारणं नेमकी आहेत आणि दोन्ही दुरुस्त होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी लय. ख्यालात हल्ली विलंबित एकताल एका मात्रेला साधारण चार सेकंद इतक्या संथ लयीत सर्रास गायला जातो. म्हणजे १२ मात्रांचं आवर्तन (तालाचा एक फेरा) ४८ सेकंदांचं. ‘धिं’ वाजवलास की त्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) थोड्याच वेळात विरते आणि पुढची मात्रा येईपर्यंत हाताला काही काम उरत नाही. रोज तीन तास द्रुत वाजवणाऱ्या हाताला ही रिकामी जागा सोसत नाही, तो पुढच्या बोलाकडे ओढ घेतो. तुझा हात कच्चा आहे म्हणून हे झालं नाही. त्याला वेगळीच सवय लागली आहे, म्हणून झालं.

ही ओढ सगळीकडे सारखी नसते. एकतालाचा ठेका मनात म्हणून बघ: धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, कत्, ता, धागे, तिरकिट, धी, ना. चौथ्या आणि दहाव्या मात्रेत ‘तिरकिट’ आहे. विलंबितात त्याची चार अक्षरं मात्राभर सारखी पसरायची, एकेकाला जवळजवळ एक सेकंद. पण हाताला तिरकिट ठाऊक आहे ते एका झटक्यात निघणारं. तो ते उरकून टाकतो, आणि पाचव्या मात्रेचा ‘तू’ वेळेआधी येऊन पडतो. दहाव्यानंतरच्या ‘धी’चं तेच होतं, आणि तिथे तर गायिका मुखड्याच्या (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीच्या) तयारीत असते, त्यामुळे तिला ते लगेच टोचतं. दुसरी निसरडी जागा सातवी मात्रा. ‘कत्’ बंद बोल आहे, त्याला आस नाही. कानाला धरायला काही उरत नाही, म्हणून आठवीचा ‘ता’ लवकर येतो.

तिसरी जागा ठेक्यात नसून गाण्यात आहे. बोल-ताना (शब्द घेऊन केलेल्या ताना) किंवा नुसत्या ताना सुरू झाल्या की स्वरांचा वेग वाढतो. मात्रा आहे तिथेच असते. नवा साथीदार स्वरांच्या मागे धावतो. लय वाढवायची असली की गायक स्वतःच मुखडा वाढलेल्या लयीत घेऊन समेवर (पहिल्या मात्रेवर) येतो. तेवढ्या खुणेवर हलायचं. तानेवर नाही, टाळ्यांवर तर नाहीच.

दर आवर्तनात आधीच्यापेक्षा अर्धा सेकंद जरी कमी झाला, तरी १५ आवर्तनांत ४८ सेकंदांचं आवर्तन चाळिशीला येऊन टेकतं. गायिकेने आलापाची मांडणी ४८च्या हिशेबाने केलेली असते. मग तिला स्वर तोडून मुखडा पकडावा लागतो. बाईंनी दोनदा खूण केली ती त्यासाठी.

यावर रियाज असा कर. मोबाइलवर मेट्रोनोम लाव, मिनिटाला ६० ठोके. चार ठोक्यांची एक मात्रा. पहिले आठ दिवस तबल्याला हातच लावू नकोस. मांडी घालून बस, हाताने ताल धर आणि ठेका तोंडाने म्हण, रोज २० मिनिटं. जी जागा तोंडाला सोसत नाही ती हाताला कधीच सोसणार नाही, म्हणून पढंत आधी. नंतर वाजवायला घे. रिकाम्या जागेत बारीक भरी (मधले जादा बोल) करायचा मोह होईल. ती पहिले पंधरा दिवस करू नकोस. नुसता ठेका, प्रत्येक ‘धिं’ला डग्ग्याची तीच गोलाई, तोच जोर. पुढच्या पंधरवड्यात मेट्रोनोम ३० वर आण, म्हणजे मात्रेला दोनच ठोके ऐकू येतील. त्यानंतर तो बंद करून नुसता तानपुरा लाव, दहा आवर्तनं मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि स्टॉपवॉचने पहिलं आणि दहावं आवर्तन मोज. पहिलं ४८ सेकंदांचं आणि दहावं ४७ ते ४९च्या आत असेल तर चांगलं. ४५ आलं तर कोणत्या मात्रेला गळती लागली आहे ते ऐकून शोध. बहुतेक वेळा ती चौथी नाहीतर दहावी निघेल. आकडे वहीत लिही. मोजल्याशिवाय यातली सुधारणा कळत नाही, कारण आपली पळालेली लय आपल्याला त्या वेळी बरोबरच वाटते.

आणि गायला शीक. गळा चांगला हवा असं नाही. नेहमीच्या रागांतले वीस तरी विलंबित मुखडे तालात म्हणता यायला हवेत: कोणता अकराव्या मात्रेवरून उठतो, कोणता बारावीच्या अर्ध्यावरून, कोणता समेच्या अगदी तोंडाशी. मुखडा मनात चालू असला की रिकामी जागा रिकामी राहत नाही, आणि साथीला जिवंतपणा येतो तो त्यामुळेच. गायिका मुखडा पहिल्यांदा घेते तेव्हा हात मांडीवर ठेवून तिची लय मोज, घाईने समेवर उडी घालू नकोस. पहिल्या दोन आवर्तनांत जी लय ठरते ती तिची असते, तुझी नसते.

द्रुतालाही हेच लागू आहे. छोट्या ख्यालात तुला हात दाखवायला जागा मिळेल, पण ती मिळते चार-आठ आवर्तनांपुरती. बाकीचा वेळ स्वच्छ तीनतालच वाजवायचा असतो. बनारसच्या पंडित अनोखेलाल मिश्रांचं नाव आजही निघतं ते त्यांच्या ‘ना धिं धिं ना’साठी, एका साध्या ठेक्यासाठी. द्रुतात तो इतका स्पष्ट आणि इतका वेळ वाजवणं फार थोड्यांना साधलं. घरी करून बघ: द्रुत तीनताल सलग १५ मिनिटं, एकही तुकडा न घेता. सातव्या-आठव्या मिनिटाला ‘ना’चा आवाज पातळ व्हायला लागेल. खरा रियाज तिथून सुरू होतो.

आता तबला उतरला त्याबद्दल. पत्रात तू हिशेब सरळ लिहिला आहेस, म्हणून दोष लगेच सापडतो. काळी चारचा पंचम काळी दोन. तुझा तबला काळी एकचा. तू तो अख्खा एक स्वर चढवलास. गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) खाली ठोकून वादी (चामड्याची दोरी) ताणलीस आणि लगेच बैठकीला बसलास. ताणलेली वादी आणि पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) थोडा वेळ सैलावत राहते. त्यात कोकणातली दमट हवा. चामडं ओल धरतं आणि आवाज खाली येतो. एसी सभागृहात उलटंही होतं: हवा कोरडी, वर दिव्यांची ऊब, आणि तबला चढत जातो. तुझ्या तबल्याला त्या दिवशी दोन्ही बाजूंनी उतरायचंच कारण होतं.

त्या दिवशी एक सोपा रस्ता होता. काळी चारचा मध्यम काळी एक, म्हणजे तुझा तबला आहे तिथेच. राग मालकंससारखा, पंचम वर्ज्य असलेला असता तर मध्यमात लावणं हाच रिवाज. पंचमाच्या रागात मात्र मध्यमाचा तबला कानाला खटकतो, म्हणून राग कोणता हे दोन दिवस आधी विचारायचं. गायक सांगतात, न विचारणाऱ्याचंच त्यांना आश्चर्य वाटतं.

साथीला उतरायचं तर एका दायाँवर (उजव्या हाताच्या तबल्यावर) भागत नाही. तीन लागतील, हळूहळू घे. काळी एकचा सव्वापाच इंचाच्या आसपासचा तुझ्याकडे आहेच. पुरुष गायक, सतार, व्हायोलिन यांना तो चालतो, कारण पांढरी एक ते पांढरी दोन या पट्ट्यात तो बिनतक्रार हलतो. दुसरा पाच इंची, टिपेचा, काळी दोन ते पांढरी तीन. पांढरी तीनची बासरी असो नाहीतर काळी चारच्या बाईंचा पंचम, तो उपयोगी पडतो. तुझ्यासाठी पहिली खरेदी हीच. तिसरा ढाला (खालच्या स्वराचा), पावणेसहा ते सहा इंची, काळी पाचच्या आसपास, काळी पाच किंवा पांढरी सहामध्ये गाणाऱ्या बायकांना षड्जात साथ करायला. इंच हे अंदाजासाठी. खोडाची जाडी, पुडीचं चामडं आणि शाईचं (मधल्या काळ्या ठिपक्याचं) वजन मिळून स्वर ठरतो, म्हणून विकत घेताना हातोडी आणि तानपुरा बरोबर ने, दुकानातच अर्धा स्वर वर आणि अर्धा खाली नेऊन बघ. अर्ध्या स्वराला जो कुरकुरतो तो घेऊ नकोस.

लावण्याची पद्धतही बदल. कार्यक्रमाच्या जागी ४० मिनिटं आधी पोच आणि तबला पेटीतून काढून नुसता ठेव. त्याला तिथली हवा लागू दे. मग तानपुऱ्यावर कान ठेवून आधी गठ्ठ्यांनी स्वराच्या जवळ आण. आठही गठ्ठे सारखे खाली किंवा वर, एकाच बाजूला जोर नको. नंतर गजरा, म्हणजे पुडीच्या कडेची वेणी. १६ घरं आहेत: एका घराला लाव, मग त्याच्या बरोबर समोरच्याला, मग मधल्या दोन्ही बाजूंना. गोल फिरत ओळीने लावत गेलास तर शेवटच्या घराला पोचेपर्यंत पहिलं हललेलं असतं. वरून ठोका दिला की स्वर चढतो, खालून दिला की उतरतो. ठोका गजऱ्यावरच, पुडीवर हातोडी घसरली तर चाट (पुडीच्या कडेची पट्टी) कापली जाते. प्रत्येक घरासमोर चाटेवर ‘ना’ वाजवून ऐक, शेवटी लवेवर (चाट आणि शाई यांच्या मधल्या जागेवर) ‘तीं’ वाजव. दोघांचा स्वर एक आला म्हणजे तबला लागला. मग दहा मिनिटं हात बाजूला. चहा घे, आणि परत येऊन पुन्हा तपास. हे दुसरं तपासणं बहुतेक जण करत नाहीत आणि बडा ख्याल चालू असताना हातोडी शोधत बसतात. बैठकीत हातोडी उजव्या मांडीजवळ, हाताला लागेल अशी ठेव. स्वर किंचित हलला तर दोन बोलांमधल्या जागेत एकच हलका ठोका. ठाकठोक करायची ती बडा आणि छोटा ख्याल यांच्या मधल्या वेळात.

पावसाळ्यात तबला उन्हात ठेवून सुकवतात, तसं करू नकोस. शाई लोखंडाच्या भुकटीचे आणि खळीचे थर घोटून बसवलेली असते. ऊन लागलं की तिचे कपचे सुटतात. सुती कापडात गुंडाळून, जमिनीला न टेकवता, कोरड्या कपाटात ठेव. घामट हाताने शाईला हात लावायचा नाही, पावडर जरुरीपुरतीच. ही शाई हीच आपल्या वाद्याची करामत आहे. साध्या ढोलाच्या आवाजात स्वर नीट ओळखता येत नाही, तबल्यात तो येतो तो या काळ्या ठिपक्याच्या वजनामुळे. सी. व्ही. रामन यांनी यावर काम करून १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये टिपण छापलं होतं. तिची काळजी घ्यायलाच हवी.

मनगट. दुखणं ठोक्याच्या वेळी येतं की रात्री, हे तू लिहिलं नाहीस. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री झोपमोड होत असेल किंवा सकाळी मूठ वळत नसेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि ते सांगतील तितके दिवस हात पूर्ण थांबव. तसं नसेल तर बैठक बघ. दायाँची चुंबळ पातळ असली की तबला खाली बसतो आणि मनगट वरून मोडल्यासारखं वाकतं. चाट पुढच्या बाजूला किंचित कललेली हवी आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात जवळजवळ सरळ रेषेत यायला हवा. रेला खांद्यातून आणि ताठ मनगटातून काढला जात असेल तर वेग येतो, पण त्याची किंमत सांधा देतो. ४० मिनिटं वाजवून १० मिनिटं थांब. आणि महिनाभर द्रुत रेला पूर्ण बंद ठेव. तुझ्या लयीलाही तेच हवं आहे.

त्या महिन्यात कायदा कसा वाजवायचा? एकच घे: धा ती ट धा ती ट धा धा ती ट धा गे ती ना की ना. दिल्लीचा, तुला पहिल्या-दुसऱ्या वर्षातच मिळालेला. ३, ३, २, २, २, ४ अशी त्याची मोडणी आहे. मधलं बोट ‘ती’, तर्जनी ‘ट’, दोन्ही शाईच्या मध्यावर, आणि दोन्हींचा आवाज सारखा. बहुतेकांचा ‘ट’ हलका पडतो, कारण तर्जनी पुढच्या ‘धा’साठी आधीच चाटेकडे निघालेली असते. रेकॉर्ड करून ऐकलंस की लगेच कळेल. ठाय (मूळ, सावकाश) लयीत ३० मिनिटं, पलटे (कायद्याचे विस्तार) न करता, मग दुप्पट. पलटे आठवड्यानंतर. विशारदपर्यंत येताना मुलं पन्नास कायदे पाठ करतात, पण तर्जनीचा हा दोष तसाच घेऊन येतात, आणि पुढे द्रुतात तोच आवाज गढूळ करतो.

आता पैशाचं. साथ म्हणजे फक्त संध्याकाळची मैफल नव्हे. सकाळी गायकांच्या रियाजाला ठेका धरणं, गाण्याच्या वर्गांना साथ, कथकचे वर्ग, नाट्यगीत आणि अभंगांचे कार्यक्रम, ध्वनिमुद्रण, स्वतःच्या शिकवण्या. या सगळ्यातून महिना उभा राहतो. मैफली त्याच्या वर येतात. शिकवण्या हा सगळ्यांत भरवशाचा भाग आहे आणि त्याला कमी लेखू नये. विशारद तिथे कामाला येते, पालक तीच विचारतात. मैफलीच्या संयोजकाला मात्र तुझं प्रमाणपत्र बघायचं नसतं. अलंकार (विशारदच्या पुढची परीक्षा) करायची असेल तर कर, पण त्यामुळे बोलावणी वाढतील या हिशेबाने नको.

कथकला साथ म्हणजे वेगळं शास्त्र आहे आणि तरुण वादकाला ते फार शिकवतं: पढंत ऐकून तोडा (नाचायची बोलरचना) तिथल्या तिथे उचलायचा, तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) पायांवर सोडायची, तत्कारात (पायांच्या कामात) लय एका केसानेही हलू द्यायची नाही. वर्ग आठवड्यातून तीन-चार दिवस चालतात, म्हणजे पैसा नियमित. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली. तिथे कथक इतकं रुजलं आहे की चांगल्या तबलावादकाला काम शोधत फिरावं लागत नाही.

आकाशवाणीची स्वरचाचणी दे. रत्नागिरी किंवा पणजी केंद्राकडे चौकशी कर. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी आहेत. केंद्रावर कायम नोकरीतल्या वादकांचा जमाना आता राहिला नाही, पण श्रेणीमुळे नाव यादीत येतं आणि अभ्यासाला मुदत मिळते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. तू वयात बसतोस. जाहिरात निघाली की अटी नीट वाचून अर्ज कर.

बिदागीचं बोलणं आधीच कर, आणि ते गायकाशी नव्हे, संयोजकाशी. प्रवास, मुक्काम, जेवण, तबल्याच्या पेटीसाठी जागा, सगळं फोनवर ठरव आणि मेसेजने पक्कं कर. आधी ‘तुम्ही द्याल ते’ म्हणायचं आणि नंतर मनात कुढायचं, यात सगळ्यांचंच नुकसान होतं. ओळखीच्या कार्यक्रमाला कमी घेतलंस तरी ते किती कमी घेतोस हे आधी बोलून घे.

स्वतंत्र वादनाची ओढ असेल तर ती जप, पण साथीला दुय्यम मानून नको. उस्ताद अहमदजान थिरकवाँ यांच्याइतकं एकल वादनाचं नाव क्वचितच कुणाचं झालं, आणि त्यांनी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथ केली होती. वसंतराव आचरेकरांची ओळख कुमार गंधर्वांच्या गाण्याशी जोडली गेली, ती ठेक्याने. तुझ्या शेजारच्या गोव्याकडे बघ: लयीवरच्या हुकमतीसाठी ज्यांचं नाव अजून घेतात ते खाप्रुमामा पर्वतकर तिथले. पंढरीनाथ नागेशकर तिथलेच. मुंबईत उस्ताद अमीर हुसेन खाँसाहेबांकडे शिकून पुढे त्यांनी पिढ्या घडवल्या. त्यांची स्वतंत्र वादनाची विद्या आणि साथ वेगळी काढता येत नव्हती.

म्हणून पुण्याला लगेच जाऊ नकोस. बी.कॉम. पूर्ण कर. त्या काळात आठवड्यातून एकदा गोव्याला जा. कुडाळहून पणजी सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे, तिथे कला अकादमी आहे, आणि ख्याल आणि नाट्यगीत गाणारे लोक गावागावांत आहेत. विलंबिताचा अभ्यास गाणाऱ्याशिवाय होत नाही आणि गाणारी माणसं तिथे तुला जवळ मिळतील. भजनं सोडू नकोस. डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) दोन-दोन तास हात न थकता चालतो तो दम पुढे कामाला येतो. फक्त तिथला जोर ख्यालाच्या बैठकीत घेऊन जायचा नाही. भजनात तबला झांजांवर मात करतो, ख्यालात तो तानपुऱ्याच्या खाली राहतो.

वर्षभराने पुणे. तिथे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर तो एक मार्ग. पण गुरू कोण हे पदवीपेक्षा महत्त्वाचं. भेटायला जाशील तेव्हा तीन गोष्टी बघ: ते स्वतः शिकवतात की ज्येष्ठ शिष्यावर सोपवतात, शिष्यांना गायकांच्या रियाजाला पाठवतात की नाही, आणि त्यांचे दहा वर्षं जुने शिष्य आज काय करतात. या तिसऱ्या गोष्टीतून सगळ्यांत जास्त कळतं. सध्याच्या गुरूंना सांगितल्याशिवाय जाऊ नकोस. त्यांचा आशीर्वाद घेऊन, शक्य तर त्यांच्याच शब्दाने जा. घराणं बदललं तर हाताची ठेवण बदलते, दिल्लीचा चाटेवरचा बंद बाज (वादनाची शैली) आणि पूरबचा लवेवरचा खुला बाज एका वर्षात मिसळायला गेलास तर दोन्ही जातील. जाताना सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण हाताशी हवं, म्हणजे पहिल्याच महिन्यात मिळेल ते वाजवायची वेळ येणार नाही.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. त्यांना तबल्याचा राग नाही, त्यांना तारीख आणि आकडा हवा आहे. तो दे. एक वही कर: कोणत्या तारखेला, कुणाला साथ केली, किती मिळाले, प्रवासाला किती गेले. आणि शेजारी एक रकाना, त्यांनी पुन्हा बोलावलं का. दोन वर्षांनी तो शेवटचा रकाना दोघं मिळून वाचा. पैसे सुरुवातीला कमीच दिसतील. पुन्हा बोलावणारी नावं वाढत असतील तर पैसे मागून येतात. तीच वाढत नसतील तर नोकरी धरून शनिवार-रविवारी वाजवायचं, आणि तसं वाजवणारे उत्तम वादकही महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. बाबांना हे आजच सांग, दोन वर्षांनी नाही.

आणि त्या बाईंना फोन कर. दीड महिना विलंबिताचा रियाज झाला, दहावं आवर्तन ४८च्या आसपास स्थिर आलं, की मग. लय पळाली आणि तबला उतरला, दोन्ही माझी चूक, असं सरळ सांग, कारणं देऊ नकोस. आणि विचार, आठवड्यातून एक दिवस तुमच्या रियाजाला ठेका धरायला येऊ का, बिदागी नको. बहुतेक गायकांना सकाळच्या रियाजाला माणूस हवाच असतो. होकार आला तर पहिल्या दिवशी राग विचारून घे, तबला पाऊण तास आधी लाव, आणि तासभर नुसता एकताल वाजव. मधे एकही तिहाई घेऊ नकोस.